माझ्याऐवजी तुम्ही दिलेलं उत्तर

सर, तुमच्या फोटोला पहिला हार मी घातला. वनस्पतिशास्त्र विभागातली तुमची सगळ्यांत जुनी विद्यार्थिनी म्हणून तो मान मला मिळाला. कॉलेजचा हॉल भरला होता. तुमच्या मागे राहिलेल्या काकू पुढच्या रांगेत बसल्या होत्या आणि मी व्यासपीठावर, तुमच्या फोटोला अगदी लागून. रडून रडून माझं डोकं ठणकत होतं. त्यानंतर अर्धा तासही गेला नसेल, तोच मला कळलं की मला परदेशी जाण्यापासून अडवलं ते तुम्ही.

ज्यांनी सांगितलं त्यांनी चहाडी केली नाही, कौतुक केलं. मुंबईच्या ज्या ट्रस्टच्या शिष्यवृत्तीसाठी मी मुलाखतीला गेले होते, तिच्या निवड समितीवरचे एक निवृत्त प्राचार्य शोकसभेला मुद्दाम आले होते. ते उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले, "बिराजदार सरांचा या गावावर किती जीव होता, त्याची एक आठवण सांगतो. त्यांची विद्यार्थिनी, ही इथंच बसलीय, आमच्याकडं आली होती. अर्ज वाचूनच आम्ही तिचं नाव जवळजवळ पक्कं केलं होतं. रिवाजाप्रमाणे आधी गाइडला आत बोलावलं. सर म्हणाले, मुलगी फार हुशार आहे, म्हणूनच सांगतो. हिला पाठवलीत तर ही परत यायची नाही. मग सोलापूरच्या माळावरचं गवत कोण बघणार? आम्ही नाव खाली घेतलं. मग तिला बोलावलं ते आपलं उपचारापुरतं. असा माणूस होता हा!"

शोकसभेत आहोत हे विसरून लोकांनी टाळ्या वाजवल्या. काहींनी माना उंचावून माझ्याकडं पाहिलं, काय भाग्याची आहे म्हणून. मी हात जोडले. दुसरं काय करणार होते?

कॉलेजच्या अंकासाठी तुमच्यावर लिहून द्या, असं मला सांगितलंय. तुमचा जन्म, शिक्षण, पदं हे सगळं ऑफिसनं टाइप करून टेबलावर ठेवलंय. ते मी बाजूला सारलं. मी लिहीन ते ते छापतील की नाही, कोण जाणे. मला तुमच्याशी भांडायचंय, सर. आपण कितीदा तरी भांडलो, पण दर वेळी तुम्ही समोर स्टुलावर बसलेले असायचात आणि शेवटी चहा मागवायचात.

दुधनीला तुमच्या शेतात, तुमच्या घरच्या रिवाजानं, तुम्हाला मांडी घालून बसवून मातीत दिलं. मी बांधावर बायकांच्या मागं उभी होते. तुम्ही कपाळाला विभूती लावून खाली मान घालून बसला होतात, वळसंगच्या माळावर गवताच्या ठोंबापाशी बसायचात तसे. माझ्या मनात आलं, आता हे गळ्यातलं भिंग काढतील आणि म्हणतील, "अव्वा, इकडं ये की, हे बघ." तुमच्याकडं लेकीबाळींनाही अव्वा म्हणतात. माझ्या बाबांखेरीज मला लेकीच्या नावानं हाक मारणारे तुम्हीच होतात. त्या दिवशी मी बांधावर बसून ढसाढसा रडले, त्यातला एकही अश्रू खोटा नव्हता. ते सगळं रडणं आता माझ्या अंगावर आलंय.

कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधल्या फिटरची मी मुलगी. साबळे हे आडनाव ऐकलं की लोक पुढचं काही विचारायचे नाहीत, त्यांचं त्यांना समजायचं. बी.एस्सी. झाले तेव्हा बाबा मला शाळेत मास्तरीण करायला निघाले होते. तुम्ही पॅसेंजरनं कुर्डुवाडीला आलात, आमच्या क्वार्टरमध्ये खाली चटईवर बसलात आणि बाबांना म्हणालात, "साबळे, या मुलीचे डोळे वेगळे आहेत. मला द्या ती, मी तिला डॉक्टर करतो." बाबांना वाटलं दवाखान्यातली डॉक्टर. तुम्ही समजावून सांगितलंत, तरी ते शेजारीपाजारी तसंच सांगत राहिले. पहिल्याच फेरीला, वळसंगच्या उन्हात, तुमचं पाणी संपलं तेव्हा माझ्या बाटलीतलं पाणी तुम्ही तोंड लावून प्यालात आणि मिशा पुसल्यात. तुमच्या दृष्टीनं ते काहीच नव्हतं. मी ते घरी सांगितलं आणि बाबांनी अख्ख्या वर्कशॉपला सांगितलं.

हे मी विसरलेली नाही. विसरता आलं असतं तर बरं झालं असतं, नुसता राग करता आला असता.

दुष्काळाच्या सालांत माळावर गवत उगवलंच नाही. बायका खडी फोडायला जात आणि आपण दोघं नमुने ठेवायचा पत्र्याचा डबा घेऊन मोकळ्या हातांनी परत येत असू. तुम्ही विभागात जुने नमुने काढून बसायचात. दाबून ठेवलेल्या रोपट्यांखालची वर्तमानपत्रं बदलताना त्यातल्या शिळ्या बातम्या मोठ्यानं वाचून दाखवायचात, आणि मी खरंच असं झालं का विचारलं की म्हणायचात, "झालं असेल, आपण कुठं बघितलंय?" मग पाऊस झाला, आणि त्या भाद्रपदात माळ असा फुलला की तुम्ही एस.टी.तून उतरल्या उतरल्या चपला काढून हातात घेतल्यात. पायाखाली गवत मोडवेना तुम्हाला. कुसळं टोचल्यावर मात्र मुकाट्यानं घातल्यात.

परतीच्या एस.टी.त मी साडीच्या काठातली कुसळं वेचत होते. गवताच्या बीला ते लांब केसासारखं कुसळ असतं, ओलं केलं की पीळ सुटत फिरतं, हे तुम्हीच आम्हाला पहिल्या वर्षी दाखवलं होतं. चाळा म्हणून मी एकेक कुसळ जिभेला लावून बघत होते. एक उलटं फिरलं. मला वाटलं मीच ते उलटं धरलंय. पुन्हा बघितलं. मग तुम्हाला दाखवलं. तुम्ही भिंग लावलंत, वळसंग ते सोलापूर मान वर केली नाहीत, आणि स्टँडवर उतरताना म्हणालात, "उद्या परत जायचं."

दुसऱ्या दिवशी तो ठोंब सापडेपर्यंत आपण गुडघ्यांवर माळ पालथा घातला. शेरडं राखणारी एक म्हातारी कमरेवर हात ठेवून बघत होती. तुम्ही तिला विचारलंत, "आजी, या गवताला काय म्हणता तुम्ही?"

"गवात म्हनतो की."

"पण हे जरा वेगळं आहे ना?"

"सगळं शेळीच्या पोटातच जातंय न्हवं? कशाला पायजे नाव?"

तुम्ही इतके हसलात की तुमचा चष्मा पडला. मी तेव्हाच सांगून टाकलं होतं की हे नवं निघालं तर याला तुमचं नाव देणार. तुम्ही म्हणालात, "नको ग बाई, रोज शेळ्या खातील मला."

पण नवं आहे का, हाच तर वाद होता. तुमचं म्हणणं, लष्कराच्या कॅम्पात असलेल्या कोण्या इंग्रज डॉक्टरनं पूर्वी सोलापूरहून जे गवत नेलं, तेच हे असणार. माझं म्हणणं, नाही. त्याचं जुनं वर्णन दोन ओळींचं, त्यात कुसळ कुठं फिरतं याचा पत्ता नाही. आणि त्यानं नेलेला मूळ नमुना होता विलायतेत, तिथल्या एका वनस्पतिसंग्रहालयात. आपण फोटो मागवला, त्यात कुसळं म्हणजे नुसते पुसट ओरखडे. नमुना ते टपालानं पाठवत नाहीत. तिथं जायचं, परवानगी काढायची, एक कुसळ ओलं करायचं आणि ते कोणीकडं फिरतं ते बघायचं. आपल्यासारखं उलटं फिरलं तर गवत जुनंच, नाही तर नवं. तेवढ्यासाठी समुद्र ओलांडायचा. मी हे बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आन् इंजिन कुनीकडं फिरतंय ते इचारून कळतंय व्हय? बघाय पायजेच की."

आपल्या धंद्यात एक रिवाज आहे. वाचणाऱ्यांना तो माहीत नसेल म्हणून सांगते. प्रबंधात कुठल्याही नमुन्याचा उल्लेख आला की, तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला असेल तर त्याच्यापुढं उद्गारचिन्हाची खूण करायची. पाहिला नसेल तर तसं प्रामाणिकपणे लिहायचं. त्या खुणेच्या बाबतीत तुम्ही कसाई होतात. माझ्या एका वर्गमित्रानं न पाहिलेल्या नमुन्यापुढं खूण ठोकून दिली, तर तुम्ही त्याचं अख्खं प्रकरण परत केलंत. "लोक सांगतात, पुस्तकं सांगतात, मीसुद्धा सांगतो. तू बघितलंस का?" हे तुमचं वाक्य विभागातल्या भिंतींनासुद्धा पाठ झालं होतं. मला ती खूण हवी होती, सर. वळसंगच्या गवतापुढं ती मी करू शकत होते. विलायतेतल्या त्या नमुन्यापुढं हवी होती.

त्या शिष्यवृत्तीची बातमी तुम्हीच आणलीत. प्रबंधाच्या कामासाठी परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांना विमानाचं भाडं आणि तिथं राहण्याचा खर्च देणारी, तीही प्रबंध चालू असतानाच. तुम्हीच अर्ज आणलात, तुम्हीच माझं इंग्रजी तासलंत. आणि मग रोज प्रॅक्टिकल संपलं की माझी तालीम. तुम्ही चष्मा काढून समितीचे अध्यक्ष व्हायचात, मी दारातून आत यायची.

"हे काम इथं राहून का होत नाही?"

मी सांगायची.

"तिथली थंडी सोसेल का?"

"स्वेटर विणतेय, सर."

"खाणार काय?"

"शेंगाची चटणी नेणार डबाभर."

"हे त्यांना सांगू नको," असं म्हणून तुम्ही हसायचात आणि पुन्हा अध्यक्ष व्हायचात. रविवारी ही तालीम तुमच्या घरी चालायची, तेव्हा काकू आतून ताट घेऊन यायच्या, "ऊटा माडु बा" म्हणून मला आधी जेवायला बसवायच्या आणि तुमच्यावर डोळे वटारायच्या. सगळे प्रश्न तुम्ही विचारलेत. उलटसुलट विचारलेत. एक मात्र कधीच विचारला नाहीत, हे माझ्या आत्ता लक्षात येतंय.

मुंबईला आपण तिघं निघालो, तुम्ही, काकू आणि मी. कुर्डुवाडीला गाडी थांबली तेव्हा बाबा निळ्या कपड्यांतच, हाताला ग्रीस, फलाटावर उभे होते. आईनं दिलेली भाकरी त्यांनी खिडकीतून माझ्याकडं नाही, तुमच्याकडं दिली. म्हणाले, "सर, पोरगी तुमच्या हवाली हाय." तुम्ही खिडकीतून हात बाहेर काढून त्यांचा ग्रीसचा हात धरलात. गाडी हलेपर्यंत सोडला नाहीत. मी ते पाहिलंय, सर. त्याच्यापुढं मी खूण करू शकते. म्हणूनच तो हात मला आता सहन होत नाही.

ट्रस्टच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर आणखी काही मुलं होती, पुण्याची, मुंबईची. एक जण बाहेर आला आणि रुमालानं मान पुसत म्हणाला, "बाकीचं सोपं आहे. शेवटी सगळ्यांना एकच विचारतात, परत येणार का." मी मनाशी उत्तर जुळवायला लागले. जुळवायचं काय, ते माझ्यापाशी होतंच, फक्त इंग्रजीत घालायचं होतं. तेवढ्यात तुम्हाला आत बोलावलं. तुम्ही बाहेर आलात तेव्हा चष्म्याच्या काचा पुसत होतात. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणालात, "जा अव्वा, घाबरू नको."

तोवर तुम्ही सगळं उरकून आला होतात.

मला त्यांनी माझ्या कामाबद्दल चार प्रश्न विचारले. मी कुसळाचं सांगितलं, त्यांच्यातले एक जण हसलेही. मग अध्यक्ष म्हणाले, झालं, या. शेवटचा तो प्रश्न मला विचारलाच नाही. मी बाहेर येऊन तुम्हाला सांगितलं, "सर, मला परत येणार का ते विचारलंच नाही. म्हणजे त्यांचा माझ्यावर विश्वास बसला असणार, नाही का?" तुम्ही काकूंकडं बघत म्हणालात, "चला, काहीतरी खाऊन घेऊ." मी आनंदात होते. इतकी आनंदात होते की उडप्याच्या हॉटेलात तुम्ही ताटातलं तसंच ठेवलंत, हे पाहूनही मला काही वाटलं नाही. तुमच्या वाटणीचंही मीच खाल्लं.

परतताना कुर्डुवाडीला बाबा पुन्हा फलाटावर. "काय झालं, सर?"

"चांगलं झालं हो," तुम्ही म्हणालात. "पण साबळे, तिथं मोठमोठ्यांची मुलं आली होती."

हे वाक्य, सर. बाकीचं मी कदाचित गिळलं असतं. पोटच्या पोरीसारखी पोर दूर जाईल म्हणून माणूस घाबरतो, घाबरून वेडंवाकडं बोलून बसतो, एवढं मला कळतं. पण हे वाक्य तुम्ही विचार करून, निकाल लागायच्या आधी, माझ्या बापाच्या मनात पेरलंत.

मग कपाट आलं. वाळवलेले नमुने चिकटवायच्या, हर्बेरियमच्या कागदांच्या मापाचं, उथळ खणांचं, सागवानी. हातगाडीवरून विभागाच्या दारात उतरलं तेव्हा सगळी मुलं गोळा झाली. दारावर पांढऱ्या रंगात तुमचं नाव आणि त्याखाली माझं, 'कु. सुमन साबळे'. माझं नाव तोवर फक्त हजेरीत लिहिलेलं होतं. मी म्हटलं, "सर, अजून निकाल लागायचाय." तुम्ही म्हणालात, "लागू दे की. तुला जागा तर पाहिजे ना?" मला वाटलं, विलायतेहून परत आल्यावर बसायची जागा तुम्ही आत्तापासून करून ठेवताय. माझ्यावरचा केवढा हा भरवसा! मी पदरानं त्या अक्षरांवरची धूळ पुसली. पुढं विभागाची आणखी कपाटं मीच करून घेतली, तेव्हा सुतार कपाटाला किती दिवस लावतो आणि रंगारी किती फेऱ्या मारायला लावतो ते मला चांगलं समजलं. पण ते आणि हे मी कधी जोडून पाहिलं नाही. शोकसभेहून परत येऊन त्या कपाटापुढं उभी राहिले तेव्हा जोडलं. ते तुम्ही मुंबईच्या कितीतरी आधी सांगून ठेवलं असणार. मी दारातून आत येत होते, तुम्ही अध्यक्ष होऊन मला थंडीचं विचारत होतात, आणि तिकडं सुताराकडं माझ्या नावाच्या फळ्यांना रंधा लागत होता.

निकालात माझं नाव नव्हतं. तुम्ही स्वतः कुर्डुवाडीला आलात, पुन्हा त्याच चटईवर बसलात. आईनं चहा दिला. बाबा म्हणाले, "आडनाव बघितलं आसंल, सर. दुसरं काय आसणार?" तुम्ही बशी खाली ठेवलीत. मी तुमच्याकडं बघत होते. मला वाटलं तुम्ही म्हणाल, नाही हो, तसं नसेल. तुम्ही म्हणालात, "जग असंच आहे, साबळे."

जग तसं आहे, सर, आम्हाला ते तुमच्याकडून शिकायचं नव्हतं. आम्ही ते सोसून बसलेलो आहोत. पण त्या वेळी, त्या खोलीत, जगाचा काही संबंध नव्हता. त्या समितीतल्या माणसांनी माझं आडनाव वाचूनही माझं नाव पक्कं केलं होतं. आम्ही त्यांना वर्षानुवर्षं शिव्या दिल्या. बाबा आजही मुंबईचं नाव निघालं की थुंकतात. आमच्या जुन्या दुखण्याआड तुम्ही लपलात आणि वर आमच्याकडून चहा घेतलात. तुम्ही जातीची घमेंड बाळगणाऱ्यांतले नव्हतात, म्हणूनच तुम्हाला गप्प बसायचा हक्क नव्हता.

मी म्हटलं, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करते. तुम्ही म्हणालात, "वर्ष कशाला घालवतेस? प्रबंध देऊन टाक. नोकरी मी बघतो." नोकरी बघितलीत, शब्द पाळलात. मी प्रबंध दिला आणि ते दार कायमचं बंद झालं, कारण ती शिष्यवृत्ती प्रबंध चालू असलेल्यांचीच होती. त्या गवताच्या पानावर मी लिहिलं, मूळ नमुना पाहिलेला नाही. तुम्ही ते पान वाचलंत, सही केलीत आणि माझ्या प्रामाणिकपणाचं कौतुकही केलंत. ते गवत अजून बिननावाचं आहे. नवं की जुनं, आपला वादही तसाच पडलाय. पदवी मिळाली त्या दिवशी काकूंनी मला खण-नारळ दिला आणि तुम्ही गळ्यातलं भिंग काढून माझ्या गळ्यात घातलंत. ते आत्ताही गळ्यात आहे. शोकसभेहून आल्यावर काढून फेकावं म्हणून हात घातला होता. नाही फेकवलं. ते चांगलं भिंग आहे.

दवाखान्यात शेवटच्या दिवशी तुम्ही माझा हात धरून म्हणालात, "अव्वा, ते गवत..." आणि दम लागला म्हणून थांबलात. मी घाईनं म्हटलं, "तुमचंच नाव ठेवणार, सर, काळजी करू नका." तुम्ही मान भिंतीकडं वळवलीत. मला वाटलं, भरून आलं. आता मी रोज ते वाक्य पुढं नेऊन बघते. ते गवत तुला बघू दिलं नाही, असं म्हणायचं होतं का? का नुसतं, त्या गवताखालचे कागद बदल, एवढंच? काहीही असू शकेल. तुमच्याच शिस्तीनं चालायचं तर मला काही लिहिता येत नाही.

मी कुर्डुवाडीला गेले. बाबांना सांगायला हवं होतं. ते रिटायर व्हायला आलेत, कानांनी कमी ऐकतात, वर्कशॉपच्या आवाजानं कान गेलेत. मला मोठ्यानं सांगावं लागलं. असली गोष्ट ओरडून सांगायची म्हणजे काय, याचा अनुभव घेतला. शेजारची बाई दारात येऊन उभी राहिली. मी सांगत गेले, प्राचार्य काय म्हणाले, तुम्ही काय म्हणालात, कपाट कधी आलं. आई मध्येच म्हणाली, "गेल्या मानसाबद्दल आसं बोलू नये, बाई." बाबांनी तिला हातानं थांबवलं.

त्यांनी स्वतःच्या पंजाकडं बघितलं. तोच हात, खिडकीत तुम्ही धरलेला. मला वाटलं आता तुम्हाला शिवी देतील. मी तयार होते, मला ती हवीही होती. त्यांनी वर बघितलं आणि विचारलं,

"मग, आली आस्तीस का तू माघारी?"

सर, त्या बाकावर जुळवलेलं इंग्रजी मला एक अक्षर आठवलं नाही. पण उत्तर जाग्यावर होतं. मी ओरडूनच सांगितलं, "बाबा, गवत हितं उगवतंय! वळसंगात! तितं वाळल्याली एक काडी हाय नुसती. ती बघून मी तितं ऱ्हाऊन काय करू?"

बाबा ऐकून घेऊन म्हणाले, "व्हय की. एवढं इचारलं आस्तं तर काय झालं आस्तं त्यास्नी?" मग डोळे पुसून ते उठले आणि बाहेर जाऊन उभे राहिले. आईनं चहा टाकला.

हे उत्तर मी पहिल्यांदा दिलं ते बाबांना. कारण विचारलं त्यांनी. तुमच्याबरोबर मी कितीतरी वर्षं त्या माळावर गुडघ्यांवर फिरले, माझ्या साडीच्या काठाला कुठलं कुसळ आहे ते तुम्ही लांबून ओळखायचात. मला काय हवं होतं तेवढं मात्र तुम्हाला दिसलं नाही. तुम्हाला वाटलं, कपाटावर नाव घातल्याशिवाय मी थांबायची नाही. मी त्या माळाला बांधलेली होते, सर, तुम्ही नाव रंगवून घ्यायच्या कितीतरी आधीपासून.

आता माझ्या हातात एवढंच आहे की तुम्ही आयुष्यभर शिकवलंत तसं लिहावं. तुम्ही मला घडवलंत, हे मी पाहिलंय. खूण करते. तुम्ही माझ्या बाटलीतलं पाणी प्यालात, खूण करते. चटईवर बसून तुम्ही माझ्या बापाला खोटं ते खरं मानू दिलंत, तेही माझ्या डोळ्यांसमोर झालं. त्याच्यापुढंही करते.

आणि मी विलायतेहून परत आले असते. हे खरं आहे, माझ्याइतकं पक्कं कोणालाच ठाऊक नाही. पण ते कोणी पाहिलेलं नाही, आता कधी कोणी पाहणारही नाही. त्याच्यापुढं खूण करता येत नाही, सर. तेवढी जागा तुम्ही माझ्यासाठी ठेवली नाहीत.